न्हाणीवरची मधुमालती

मी एक जुनी मधुमालतीची वेल आहे, मित्रांनो, आणि माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही. कारण विचाराल तर परशुराम.

धामापूरच्या एका वाडीत त्याचं घर. पंचावन्न साली त्याची बायको सत्यवती हिने वेंगुर्ल्याहून, माहेरून, माझी फांदी आणली आणि परसातल्या न्हाणीपाशी लावली. न्हाणी म्हणजे काय, तर चार लाकडी मेढी आणि माडाच्या झावळांचे फाटके झाप. समोरून पाणंद जाते. येणारा-जाणारा मान वळवून बघणार. सत्यवतीला माझी फुलं नको होती, आडोसा हवा होता. रोज ती माशांचं धुवण माझ्या मुळाशी ओतायची. मी भराभर वाढले. चारही बाजू झाकल्या. तिची लेक जानकी तेव्हा मोठी होत होती. मायलेकी निर्धास्त न्हाऊ लागल्या.

मग मुंबईची नोकरी सोडून हे महाशय घरी आले. काय तो रुबाब! एक दिवस माझी फुलं नीट पाहिली आणि शहाण्याचं धाबं दणाणलं.

"सांजेक पांढरी, सकाळी गुलाबी, मगे तांबडी? रगत आसा ता! कोणीतरी करणी केल्यान!"

"अहो, ह्या फुलांची जातच तशी," सत्यवती म्हणाली. "तोडू नकात. न्हाणी उघडी पडतली. आमी न्हावचा खंय?"

बायकोचं ऐकेल तो परशुराम कसला! गेला देवळात कौल लावायला. गुरवाने देवाच्या अंगावर फुलं चिकटवली. डावीकडचं पडलं, म्हणजे तोडू नको. याने पुन्हा विचारलं. पुन्हा डावं. मग उजवं पडेपर्यंत हा हटला नाही आणि घरी येऊन सांगतो, "देव बोललो!" देवालासुद्धा दमवलं मेल्याने.

कोयत्याने मला बुडापासून छाटलं. मायलेकींनी मेढींना जुनं लुगडं बांधलं. एका सकाळी वारा सुटला आणि लुगडं उडून माडाला अडकलं. पाणंदीतून माणसं बाजाराला निघालेली. जानकी पाणी तापवायच्या भाणाआड अंग चोरून बसली, आई धावत येईपर्यंत. भाण तापलेलं होतं. पोरीचा खांदा भाजला, पण ती हलली नाही.

सत्यवतीने भिंत मागितली. अंगणात जांभ्या दगडाचे चिरे येऊन पडलेच होते. परशुरामाने त्यांचा पुढच्या दारी ओटा बांधला, पाहुण्यांना पान खायला.

आता ऐका याची अक्कल. आम्हा मधुमालतींना बहर ओसरला की छाटणीच लागते. मारायला आला आणि माळ्याचं काम करून गेला! पुढच्या वर्षी मी दुप्पट फुलले. हा ओट्यावर बसून पाहुण्यांना सांगतो, "माझ्या हाताक गुण आसा." करणीचं नावही नाही. शी!

जानकी मात्र त्यानंतर उजेडात कधी न्हाली नाही. माझी पानं कितीही दाट झाली तरी नाही. लग्न होऊन सासरी जाईपर्यंत पहाटेच्या काळोखात न्हायची. माझी एवढी फुलं तिच्या काय कामाची?

मित्रांनो, वेल जरूर लावा. धुवण घाला, वेळेवर छाटा, मी भरभरून देईन. पण घरातल्या बायामाणसांसाठी आधी चार चिरे रचा. ते होत नसेल, तर माझ्या फुलांचं कौतुक करत माझ्यासमोर उभे राहू नका. मला तुमची किळस येते.