नादबाबाची फळी

"नादबाबांचा विजय असो!" सभागृह दणाणलं. फळ्यांच्या मंचावर सुतार अनवाणी, लोकांकडे तोंड करून उभा होता. पाठीमागे बाबाने ढोलावर टिपरू हाणलं आणि सुताराचा हात झटकन वर गेला. छताचं काम करताना पडून डोकं फुटलं, तेव्हापासून सहा आठवडे त्याला काडीचं ऐकू येत नव्हतं. त्याच्या आईने तिथेच लोटांगण घातलं.

बायको मात्र खांबाला टेकून उभी होती. बाबाने घामट बोटांनी नवऱ्याच्या कानात तेल सोडलेलं तिने मघाशीच पाहिलं होतं. ती मंचामागे गेली आणि ओरडली, "अहो!"

सुतार वळला नाही.

"आधी नाद, मग शब्द!" बाबा गोड हसला. "घाई नको, बाई. अकरा बैठका होऊ द्या. आणि ते गुरुवारचं ऑपरेशन रद्द करा. कानात तार शिरली की नाद पळालाच समजा!"

"केलं रद्द, बाबा!" सासू म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आतला कान कामातून गेलाय, नस शाबूत आहे. कॉक्लिअर इम्प्लांटची तार आवाजाचे संदेश थेट नसेला देईल. पण उशीर केलात तर आत हाड धरेल, मग तारेला वाटच उरणार नाही."

तिने बोलण्याची वही काढली आणि लिहिलं : 'खरंच ऐकू आलं?'

सुतार हो म्हणणार होता. मग त्याने पायांकडे पाहिलं. गुडघ्यांवर बसून फळीवर तळहात टेकला आणि बाबाला खुणेने सांगितलं, वाजवा. बाबा चुळबुळला.

"वाजवा की!" लोकच ओरडले.

ढोल वाजला. सुताराचा चेहरा उतरला. हे बघणं बायकोला सगळ्यात जड गेलं.

"नाही ऐकू आलं!" तो केवढ्याने ओरडतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "पायांना कळलं! ढोल ह्याच फळ्यांवर आहे, खाली सगळं पोकळ! वीस वर्षं लाकडात घालवली आणि फळीनेच फसवलं मला!"

तो उतरला, दारापाशी फरशीवर पाठ करून उभा राहिला. बायकोने ढोल बडवला. एकदा, दोनदा, पाचदा. हात वर गेला नाही.

"श्रद्धा डळमळली की नाद रुसतो..." बाबा पुटपुटला.

"गप रे मेल्या!" सासू रडतच म्हणाली. "सूनबाई, गुरुवारची तारीख परत माग."

ऑपरेशन झालं. महिन्याने यंत्र सुरू केलं, तेव्हा कोणी जयघोष केला नाही.

"तुझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतोय," सुतार म्हणाला.

"वाटू दे. सरावाने सुधारेल म्हणाल्यात," ती म्हणाली. त्याने मान डोलावली. वही मिटलेलीच होती.

बाबा आता दुसऱ्या गावी तेच तेल, तोच ढोल घेऊन बसला असेल. तिथे कोणी हात वर केला, तर लोकहो, विजय असो म्हणण्याआधी त्याला फळीवरून खाली उतरवा.