सेंटरिंग काढण्याची वेळ

दिनांक १३ मे २०२५, मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे; लॅपटॉपच्या पडद्यावर चौकटी नऊ. त्यांतील एकीत, बेसा येथील आमच्या हॉलमध्ये, माझी पत्नी कामिनी चटईवर उताणी पडली होती. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नसांवरील आवरण जागोजागी खराब झाल्याने मेंदूचा निरोप पायापर्यंत उशिरा पोहोचतो. वायरिंगचे इन्सुलेशन गेल्यावर व्हावे तसे. उष्णतेने हा उशीर वाढतो, म्हणून वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेला कूलर मी तिच्याकडे वळवून ठेवला होता.

या आजाराच्या व्यक्तींकरिता हुडकेश्वरच्या फिजिओथेरपिस्ट गार्गी मॅडम पिलाटेस या व्यायामप्रकाराचा ऑनलाइन वर्ग चालवतात. त्या दिवशी परीक्षा होती. गुडघे दुमडून कंबर उचलायची आणि दहा सेकंद अधांतरी धरायची; यास त्या पूल म्हणतात. जमले तर पुढचा गट, नाही तर पुन्हा हाच. काटोलची प्रेमिला, कामिनीची वर्गमैत्रीण, नुकतीच उत्तीर्ण झाली होती.

"काहून वं कामिनी, येतं का नाही माझ्यासंगं?" तिने पडद्यातून विचारले. "का भाऊजीच्या उशा सोडवत नाहीत तुले?"

टोमण्यास आधार होता. स्लॅबखालच्या टेकूंना आम्ही सेंटरिंग म्हणतो, आणि स्लॅब पक्का झाल्याची खात्री होईपर्यंत ते काढू नये, हे मी पॉलिटेक्निकमध्ये शिकलो आणि नोकरीभर पाळले. त्यामुळे सरावात मी कामिनीच्या कमरेखाली उशा रचीत असे, आणि पोटावर स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मध्यावर आहे ना, हे पाहत असे. उशा तिने भिरकावल्या, तर तेथे माझे हात असत.

"आज उशा नाहीत, हात नाहीत आणि तुम्हीपण नाही," कामिनीने बजावले. "पडले तर चटईवर पडेन, अंबाझरी तलावात नाही! मले माझं एकटीनं करून पाहायचं आहे."

मी संमती दिली. परंतु संमती आणि अंमलबजावणी यांत अंतर असते. तिचे नाव पुकारताच मी तिच्या पलीकडच्या बाजूने पोटावर सरपटत आलो. भार घ्यायचा नाही, फक्त कमरेच्या चार बोटे खाली तळवे तयार ठेवायचे, एवढाच हेतू. तिच्याआड असल्याने मी कॅमेऱ्यास दिसत नव्हतो.

मग तिने कंबर उचलली, आणि पुलाखालून माझे टक्कल उगवले.

"थांबा, कामिनीताई," गार्गी मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत साहित्य चालत नाही. तो बॉल काढा."

"कोणता बॉल?"

"कमरेखालचा. चकाकतोय बघा."

खुलासा करावा म्हणून मी मान वर केली.

"अवं माय!" प्रेमिला किंचाळली. "बॉलले चष्मा आहे!"

कामिनीला हसू आवरेना, आणि पूल माझ्या हातांवर कोसळला.

"काका," गार्गी मॅडम स्वतःचे हसू दाबत म्हणाल्या, "यांचे पाय आता थकतील. आणखी एकच प्रयत्न देते. तुम्ही खोलीत दिसलात तर सरळ नापास."

कामिनीने माझ्याकडे पाहिले. ती आता हसत नव्हती.

"ऐकलंत ना? बॉलनं बाहेर जावं."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि दार लावून घेतले. कूलरची घरघर आणि त्यावरून चढत जाणारी सगळ्यांची मोजणी, एवढेच ऐकू येत होते. पाचला मी ओटा घट्ट धरला. आठला प्रेमिला ओरडली, "डावा पाय लटपटून राहिला वं, पण सोडू नोको!" माझा हात दाराच्या कडीवर गेला. तो मी परत ओट्यावर आणून ठेवला. दहा झाले, तरी मोजणी थांबेना.

कामिनीचा पूल तेरा सेकंद, टेकू शून्य.