अकरा पुस्तकांचा खेळ

शहाऐंशी साली प्रभाकरच्या मामानं अमेरिकेहून एक खेळ पाठवला. टेबलाभोवती बसून, फासे टाकत प्रत्येकानं कागदावर लिहिलेलं आपलं पात्र जगवायचं. सोबत नियमांची अकरा पुरवणी-पुस्तकं होती. "पुस्तकात हाय," म्हणत प्रभाकर दरवेळी सोबत खेळणाऱ्या सुनीतीचं पात्र मारायचा आणि वर हसायचा.

कव्हरं घालून देते म्हणून सुनीतीनं पुस्तकं आपल्या गावी, सिंदी मेघेला, घरी नेली. डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचली. चारच त्यांच्या खेळाची निघाली. बाकीची वेगळ्याच जगांच्या खेळांची होती.

रविवारी तिनं प्रभाकरच्या राजाला विष दिलं.

"माह्या राजाले विष चढत नाई. पुस्तकात हाय," प्रभाकर म्हणाला.

"ते पुस्तक दुसऱ्या जगाचं हाय. इथं नाई चालत."

प्रभाकरनं पानं चाळली, नाइलाजानं फासा टाकला. राजा मेला.

सुनीतीनं त्याच्यादेखत राजाचा कागद सावकाश फाडला. तिला फार बरं वाटलं.