उन्हाला विचारणारा कागद

मी एक जांभळा कागद बोलतोय. जाड, खरबरीत, दोन्ही बाजूंनी रंगवलेला. दुकानातल्या गठ्ठ्यात दबून पडलो होतो, तेव्हा वाटायचं, आपलं कुणीतरी फूल करणार.

झालो मात्र साक्षीदार.

मला आणलं शिवणकाम करणाऱ्या एका मावशीने. तिच्या नऊ वर्षांच्या भाचीला ऊन सोसत नव्हतं. जरा बाहेर गेली की हातांवर लाल चट्टे उठायचे, आग आग व्हायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंग नीट झाकूनच पाठवा. पण कशाने? आजोबा म्हणत पांढरं मलमल, बाबा म्हणत छत्री पुरे. पोर बिचारी दोन महिने पडद्याआड बसून शाळेच्या वाटेकडे डोळे लावून होती.

“जितकी तोंडं तितकी मतं,” मावशी म्हणाली. “आपण उन्हालाच विचारू. ज्या कापडाखाली या कागदाचा रंग उडणार नाही, ते खरं.”

गच्चीवर मला फळीला टाचलं. अंगावर तुकडे लावले: मलमल, चादर, छत्रीचं कापड, बाबांची जुनी जीन्स. एक कोपरा उघडा. मी पडून राहिलो. ऊन आलं की मला पेंग यायची, आणि झोपलेल्या बाळाची मूठ सुटावी तसा रंग सुटत जायचा. मलमलीतून तर ऊन मला चक्क गुदगुल्या करायचं. पण सकाळ सरली की कुणीतरी मला उचलून आत, गार कपाटावर ठेवायचं.

आठव्या दिवशी तुकडे काढले. मलमलीखाली मी चांगलाच जांभळा! आजोबांची छाती फुगली. “उद्या जाऊ शाळेत?” म्हणत पोर नाचायलाच लागली. नको गं, नको! पण कागदाला कुठून आवाज?

मावशीचं बोट उघड्या कोपऱ्यावर थांबलं. “अगं, हा कसा नाही विटला?”

पोरीची आई ओशाळली. “दुपारभर मी आत आणत होते. म्हटलं, रंग उडेल बिचाऱ्याचा.”

“ताई, रंग उडायलाच ठेवलं होतं गं त्याला!”

सगळे पोट धरून हसले. आईही हसली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “मलमल घालून पाठवली असती मी हिला.”

दुसऱ्या खेपेला मी पंधरा दिवस जागचा हललो नाही. उघडा कोपरा पांढुरका पडला, मलमलीखाली फिकटलो, चादरीखालीही. छत्रीच्या कापडाखाली रंग टिकला, पण छत्री काही हातापायांना गुंडाळता येत नाही. जीन्सखाली मात्र होतो तसाच राहिलो. मावशीने त्या जीन्सचाच कोट शिवला. डॉक्टरीणबाईंनीही मान डोलावली.

काल पोर शाळेतून आली. आईने बाही वर सारून मनगट पाहिलं, कोपर पाहिलं. एकही चट्टा नाही.

मी आता भिंतीवर आहे, ठिगळाठिगळांचा. रंग गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण पोर वाढेल, कोट आखूड होईल, नवं कापड लागेल. तेव्हा मला उलटा करा. माझी मागची बाजू अजून जांभळी आहे.