काठोकाठ भरलेला प्याला

घर कसं पारखायचं हे मला कुणी शिकवायला नको. सहावीतनं शाळा सुटली ती मेंढरांमागं, पण पाच मुलं वाढवली, तीन सुना आणल्या, दोन पोरी दिल्या. पोरी देताना मी कुणाची जमीन विचारली नाही की कळप मोजला नाही. नुसती चहाला जाऊन बसले. चहा कोण ओततं, किती ओततं, ओतताना कुणाकडं बघतं, एवढ्यावरनं घराचं पोट कळतं. दोन्ही पोरी सुखात आहेत. ह्या कालिपाचा अंदाज चुकत नाही असं सगळं कोचकोर गाव म्हणायचं. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणायची.

माझ्या थोरल्या जाऊबाई सोनुन, वय ब्याऐंशी. पोटी मूल नाही. थोरले दीर गेले तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं, माझ्याच घरी. मागच्या हिवाळ्यात गोठ्याच्या उंबऱ्यावर पडल्या आणि खुबा मोडला. हाड जुळलं, पण डोकं जाग्यावर राहिलं नाही. चूल पेटवून विसरायच्या. मरून गेलेल्या घोड्याला हाका मारत बर्फात निघायच्या. माझे गुडघे गेलेले. उन्हाळ्यात धाकट्या मुलाबरोबर कळप घेऊन डोंगरावरच्या कुरणात जायचं, तिथं यांना उचलून कोण ठेवणार? थोरला कुबात शहरात असतो. त्यानं सांगितलं, शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं घर निघालंय, जाऊन बघू.

आमच्याकडं म्हातारं माणूस परक्याच्या दारात ठेवणं म्हणजे आपल्याच तोंडाला काळं फासणं. मी म्हटलं, ठेवायचंच झालं तर असं ठिकाण निवडीन की गावाची जीभ टाळ्याला चिकटेल.

गाडीत मागं कुबातची बायको चोल्पोन, फोनमध्ये भली मोठी यादी घेऊन बसलेली.

"अहो आई, न कळवता जायचं असतं असं लिहिलंय यात."

"न कळवता चोर जातो. मी परवाच निरोप धाडलाय."

"वास येतो का बघायचं. अंगावर जखमा आहेत का बघायचं. तिथल्या आजींशी एकटीनं बोलायचं. एका बाईच्या वाट्याला किती माणसं येतात ते विचारायचं..."

"दातही मोजायचे का? घोडं विकत घ्यायला निघालोय होय आपण?"

कुबात पुढं बसून हसला. "आईनं तुला पसंत केली तेव्हा तिच्याकडं यादी नव्हती हो."

"तेव्हा मी चहा ओतला होता," चोल्पोन म्हणाली. "अर्धा प्याला."

"म्हणून तर आलीस," मी म्हटलं. "नाहीतर बसली असतीस माहेरी याद्या करत."

अर्ध्या प्याल्याचं मला शिकवलं ते जाऊबाईंनीच. एकोणीस वर्षांची नवी नवरी होते. सासऱ्यांकडं चार मोठी माणसं आलेली, आणि घाईघाईत मी पहिलाच प्याला काठोकाठ भरला. भरलेला प्याला म्हणजे 'प्या आणि उठा'. अर्धा म्हणजे 'बसा, मी पुन्हा ओतते, पुन्हा पुन्हा ओतते'. सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात जाऊबाईंनी प्याला माझ्या हातातनं उचलला, "हा माझा, मला घोडीचं दूध काढायला जायचंय," म्हणाल्या, आणि उकळता चहा घटाघटा पिऊन बाहेर पडल्या. आठ दिवस त्यांना धड जेवता येत नव्हतं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. संध्याकाळी गोठ्यात एवढंच म्हणाल्या, "अगं, चहा ओतायचा तो माणूस थांबावं म्हणून."

तर आम्ही पोचलो. दारात दामीरा नावाची बाई उभी. त्या घराची मुख्य तीच. मला हाताला धरून आत नेलं, मानाच्या जागी बसवलं. मेज भरलेलं होतं: ताजे तळलेले पिठाचे बूरसोक, जर्दाळूचा मुरंबा, साय, मटणाची परात. उठून स्वतः चहा ओतला. आदरानं डावा हात उजव्याच्या कोपराला लावून पुढं केला. प्याला अर्ध्याहून कमी. संपला की पुन्हा तेवढाच. मी सात प्याले प्यायले, आणि सातही वेळा ती उठली.

माझं मन तिथंच बसलं.

चोल्पोन चुळबुळ करत होती. "ताई, मागच्या खोल्या बघता येतील का?" तिनं विचारलंच.

मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं मान खाली घातली. "पोरीला माफ करा," मी दामीराला म्हटलं. "शहरात राहून पाहुण्याची रीत विसरलीय. यजमानाचं मागचं घर हुंगत फिरायचं नसतं."

"आपण मोठ्या घरच्या, दिसतंच आहे," दामीरा म्हणाली. मला ते पटलं. खरंच पटलं.

निघताना मात्र लांब पडवीतनं जावं लागलं. खिडकीशी एक म्हातारी बसलेली. पुढ्यात स्टुलावर चहा, वर साईचा सुरकुतलेला पापुद्रा. प्याला काठोकाठ. खोटं कशाला लिहू, मी तो पाहिला. मी थांबलेसुद्धा, एक पाऊलभर. पण मला मिळालेला अर्धा होता ना! म्हटलं, असेल कुणी गावंढळ नोकर पोरगी, तिला वळण लावायला हवं.

"आई, त्या आजींशी बोलू का?" चोल्पोननं हळूच विचारलं.

"गाडीत बस," मी म्हटलं.

वसंतात जाऊबाईंना तिथं सोडलं. दामीरानं त्यांनाही चहा दिला, अर्धा. "घर चांगलं आहे," जाऊबाई म्हणाल्या. "पण आपण निघायचं कधी?" मी म्हटलं, "बसा, मी येते." गावात आले आणि विहिरीवर, लग्नात, मयतीला, जिथं तिथं सांगत सुटले की मी स्वतः पारखून ठेवलंय, असं आतिथ्य तुमच्या बापजाद्यांनी पाहिलं नसेल. गावाची जीभ खरोखर चिकटली. मग आम्ही कुरणात गेलो. तिथं फोन लागत नाही. कुबात अधनंमधनं जायचा, जाण्याआधी कळवायचा. माझाच मुलगा तो.

भादव्यानंतर गवत संपलं आणि आम्ही कळप उतरवला. लोण्याचं गाठोडं घेऊन मी मेंढरांच्या ट्रकमध्ये पुढं बसले होते. वाटेत त्या घराचा फाटा आला. ट्रकवाल्याला म्हटलं, वळव. निरोप धाडायला सवडच नव्हती.

दारात कुणी नव्हतं. वास होता. यादीतला तो वास.

खिडकीशी त्याच जागी जाऊबाई बसल्या होत्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, अंगात बाहेरचा कोट, मांडीवर कपड्यांचं बोचकं. पुढ्यात प्याला काठोकाठ, गार झालेला. कोटाचा पुढचा भाग ओला. त्यांचा हात कापतो, भरलेला प्याला ओठांपर्यंत जायचा कसा? ओठांना चिरा पडल्या होत्या.

"जाऊबाई," मी म्हटलं.

त्यांनी नीट निरखून पाहिलं. "तुम्ही कुणाकडं आलात? बसा. ह्या घरात फार बसू नका मात्र."

"का हो?"

"भरून देतात गं." आवाज एकदम खाली आणला, यजमानाला ऐकू जाऊ नये म्हणून. "पहिल्या दिवशी अर्धा दिला. मग रोज भरून. मला कळतं की. मी काय अडाणी आहे? रोज आवरून तयार होऊन बसते. पण घोडं काही कुणी आणत नाही."

एक पोरगेलीशी बाई बादली घेऊन चालली होती. मी तिच्यावर ओरडले, "म्हाताऱ्या माणसाला चहा असा भरून देतात? तुला आईबापानं काही शिकवलं नाही?"

ती थांबली. थकलेली होती, उर्मट नव्हती. "आजी, माझ्या वाट्याला सव्वीस जणं आहेत. अर्धा दिला तर पुन्हा ओतायला कोण येणार?"

चोल्पोनच्या यादीतला प्रश्न. विचारला असता तर तिनं तेव्हाही हेच सांगितलं असतं. लपवत कुणीच नव्हतं. मला विचारायचं नव्हतं, मला पाहुणी व्हायचं होतं. आणि जाऊबाई तिथं पाहुण्या नव्हत्या, राहायला गेल्या होत्या, एवढी साधी गोष्ट माझ्या शहाण्या डोक्यात शिरली नाही.

ट्रकवाल्यानं त्यांना उचललं तेव्हा त्या कळवळल्या. कमरेखाली कातडं गेलं होतं, तळहाताएवढं. दामीरा धावत आली, "अहो, कळवायचं तरी! निदान चहा घेऊन जा," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा चहा नाकारला.

त्याच संध्याकाळी चोल्पोनला फोन केला. म्हटलं, "तुझी यादी बरोबर होती." ती म्हणाली, "आई, मी तेव्हा गाडीत बसायला नको होतं."

आता जाऊबाई चुलीशेजारच्या खोलीत आहेत. जखम भरत आलीय. येत्या उन्हाळ्यात मी कुरणात जाणार नाही. दिवसातनं दहा वेळा त्यांच्यासाठी चहा ओतते, दोन घोट, पुन्हा दोन घोट. दर वेळी त्या आधी प्याल्यात वाकून बघतात, आणि मगच ओठाला लावतात.

पण घर त्यांना ओळखू येत नाही, आणि मीही नाही. कोट अंगातनं काढत नाहीत. काल प्याला माझ्याकडं देत म्हणाल्या, "तुम्ही भल्या घरच्या दिसता बाई. कमी ओतता. मी फार दिवस राहायची नाही हं. माझी धाकटी जाऊ येणार आहे मला न्यायला. जिभेनं तिखट आहे, पण येते म्हणालीय."

मी प्याला घेतला आणि पुन्हा अर्धा भरला.