पालथा बट्टल

लातूर जिल्हा झाला आणि चाकूरकडच्या त्या गावात अमृतरावांच्या अंगात इतिहास संचारला. मठाचे पंच तेच. वैशाखातल्या उत्सवाला नव्या जिल्ह्याचे साहेब येणार म्हणून त्यांनी दारावर पाटीच रंगवून घेतली: 'बट्टल म्हणजे भट्टांचे, स्वामींचे पात्र. पहिला घोट श्रेष्ठांचा.' कुठून काढलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक!

बट्टल म्हणजे काशाचा वाडगा. उत्सवात अख्ख्या गावानं त्यातून घोट घोट तीर्थ घ्यायचं आणि ज्याच्या विहिरीचं पाणी, त्यानं पहिला घोट घ्यायचा, ही रीत. बट्टल फिरवायचा मान गौरम्माच्या घराचा. त्या विहिरीचा धनी येईपर्यंत तो पालथा ठेवायचा, तिच्याशिवाय कुणी सुलटा करायचा नाही.

यंदा दुष्काळात पाणी टिकलं ते एकट्या रहमतबीच्या विहिरीत. सगळा उन्हाळा गाव तेच पाणी प्यालं, अमृतरावसुद्धा. उत्सवाचं बोलावणं मात्र तिला नाही. हे कळलं तशी गौरम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब आले, हारतुरे झाले. गौरम्मा पालथ्या बट्टलावर हात ठेवून बसलेली.

"उचला की आता," अमृतराव दातओठ खात पुटपुटले.

"रहमतबी आली न्हाई अजून."

"पाटी वाचली न्हाई का?"

"माझं माहेर देवणीच्या पल्याडचं, अमृतराव. घरात कानडीच बोलत्यात. बट्टल म्हंजे वाडगा. लेकराला पेज पाजायचा वाडगा बी बट्टलच. तुमचे भट्ट त्यात कुठून पडले?"

"हा मान काढून घेईन तुमच्या घरातून!"

सासूनं हाती दिलेला मान होता, पुढं सुनेला द्यायचा होता. पण तिनं हात काही काढला नाही.

माणसं उन्हात ताटकळली. शेवटी साहेबांनीच विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"जिचं पाणी हाय तिची," गौरम्मा म्हणाली.

"मग बोलवा की त्यांना."

अमृतरावांनाच जावं लागलं. रहमतबी डोईवरचा पदर सावरत आली. गौरम्मानं बट्टल सुलटा केला, भरला आणि पहिला घोट तिला दिला. मग साहेबांना, मग अमृतरावांना.

घोट गिळून ते हळूच म्हणाले, "पुढच्या साली बट्टल तुमच्या हाती न्हाई."

"पुढच्या साली कुणाच्या हिरीला पाणी ऱ्हातंय ते आधी बघू," गौरम्मा मोठ्यानं म्हणाली. "घोट घेतलात न्हवं? मग सरका म्होरं. मागं गाव तहानलंय."