रोल नंबरप्रमाणे लावलेला गठ्ठा

विधान १. फॉर्मवर नाव लिहू नये. उत्तरे गोपनीय राहतील.

हे मीच टाइप केलं होतं. आमच्या मेकॅनिकल विभागाला अभियांत्रिकी शिक्षणाचा संशोधन कक्ष हवा आहे. मुलं वर्गात का बोलत नाहीत, हा त्याचा पहिला अभ्यास. प्रस्ताव शुक्रवारी जायचा. आज बुधवार.

विधान २. शिकवलेले मला समजते.

पूर्ण सहमत. पूर्ण सहमत. अठ्ठावन्न फॉर्म, प्रत्येक विधानाला पूर्ण सहमत. आणि गेल्या सेमिस्टरला निम्मा वर्ग मशीन डिझाइनमध्ये नापास.

संशय सरळ राठोड सरांवर गेला. खेमसिंग राठोड, विभागप्रमुख; मशीन डिझाइन तेच शिकवतात. सोमवारीच म्हणाले होते, "फिजा मॅडम, आकडे असे आणा का पाहणाऱ्यानं चष्मा पुसला पाह्यजे."

शिपाई मारोतरावांना विचारलं, गठ्ठा कोणाकोणाच्या हातात होता?

"माह्या नाही," ते आधी म्हणाले. "सीआर पोरीनं आणला, टेबलावर ठेवला. सर तं कालपासून अमरावतीले गेलते."

म्हणजे सर नाहीत. की फोनवरून कोणाला सांगितलं?

विधान ४. वर्गात शंका विचारायला मला भीती वाटत नाही.

(तिसरं वाचायची गरज उरली नाही.)

एका फॉर्मवर इथं व्हाइटनर होतं, त्यावर पूर्ण सहमत. खिडकीच्या उजेडात धरून मागून वाचलं. असहमत. शेजारी, तेही झाकलेलं: विचारलं की सर हसतात, मग सगळे हसतात.

एक खरं उत्तर! मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

निकिताला बोलावलं. वर्गाची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी; नेरहून रोज एसटीनं येते.

"फॉर्म कोणी भरले?"

"ज्याचे त्यानं, मॅडम."

"मग सगळ्यांचं एकच कसं?"

"सगळ्यांले माहीत होतं ना, कोणता कोणाचा ते समजते म्हणून."

"नाव कुठं आहे यावर?"

"नाव नाही. रोल नंबरप्रमाणे लावले. जर्नल तसेच देतो ना आम्ही. नाही लावले तं तुमीच वापस करता."

करते. मागच्याच महिन्यात एक गठ्ठा परत केला होता.

आणि तरीही मी मोजलं. तिच्यासमोर, बोट ओलं करून. व्हाइटनरवाला तेविसावा निघाला.

"तेवीस कोण?"

"कायले विचारता, मॅडम. हजेरी तं तुमीच घेता."

तेवीस म्हटल्यावर रोज कोण ओ देतं, ते मला आठवलं. समोर उभी होती तीच.

"सवयीनं लावला," ती म्हणाली. "माहाबी. लिहताना ध्यानात नव्हतं, लावून झाल्यावर समजलं. मंग व्हाइटनर मारलं. इंटर्नलचे मार्क सरच देतात, मॅडम."

विधान ५. (हे फॉर्ममध्ये नाही.)

व्हरांड्यात सरांचा आवाज; अमरावतीहून परतले होते. मारोतरावांना चहा सांगत होते. मी गठ्ठा उचलला आणि पत्ते पिसतात तसा पिसला. निकिता माझ्या हातांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवल्यासारखं काही दिसलं नाही.

सर आले, फॉर्म चाळले. "सारेच पूर्ण सहमत! झकास." मग बोट थांबलं. त्यांनीही तो कागद खिडकीकडे धरला. "हा हुशार कोण? रोल नंबरप्रमाणं असतीन ना?"

"नाही सर. मिसळलेत."

"मिसळायच्या आधी पाह्यलं असन तुमी."

"नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग निकिताकडे. "अन् तू काहून इथं?"

"मी बोलावलं," मी म्हटलं. "सर, हे फॉर्म प्रस्तावात जाणार नाहीत. गोळा करण्यात माझी चूक झाली. तसं लिहून देते."

"अन् कक्ष?"

"यंदा नाही."

"एका पोट्ट्याच्या व्हाइटनरसाठी?" त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "ड्रॉइंगशीटा आहेत माह्याजवळ सगळ्यांच्या. अक्षर समजते मले."

"सर, तो फॉर्म द्या." मी हात पुढे केला.

सर हसले.

निकिता हसली नाही. मी हसले नाही. चहा घेऊन दारात आलेले मारोतराव कपाकडे बघत उभे राहिले.

हात मी मागे घेतला नाही.